मोडता कुणी घातला

३ ऑगस्ट
मुक्ताला बघून गेलेल्या ईट गावच्या पाहुण्यांनी नकार कळवला. कारण काय, तर पत्रिका जुळत नाही. पत्रिका त्यांच्याच गुरुजींनी सगळ्यात आधी जुळवली होती. साखरपुड्याची साडीसुद्धा घेऊन झाली.
मुक्ताने ऐकून घेतलं, डबा उचलला आणि धाराशिवच्या गाडीला गेली. लॅबमध्ये सकाळपाळी. जाताना म्हणाली, "आई, तोंड पाडून बसू नको. गल्लीला कळतं."

५ ऑगस्ट
मध्यस्थ दत्तूमामा येऊन गेले. चहा संपेपर्यंत पावसापाण्याचं बोलले. मग म्हणाले, "पत्रिकेचं न्हाय ओ ते. तुमच्याच गल्लीतनं कुनीतरी सांगितलं, पोरगी बंदुकीचा गेम खेळती. कानाला हेडफोन लावून परक्या पोरांना मार, मागनं ये, असं वरडती."
नाव सांगेनात. "माझ्या तोंडून वदवू नका, मला अजून सोयरिकी जमवायच्यात."
हे म्हणाले, नशिबात नव्हतं, सोड. नशीब फोन करत नाही. माणूस करतो.

७ ऑगस्ट
मु.ने गेम मोबाइलमधून काढून टाकला. तिच्या खेळातल्या टोळीत नांदेडची एक मुलगी आहे, इंदूरचा एक जण, कुठला कुठला कोण. सोडतेय हे कुणालाच सांगितलं नाही म्हणते.
मुलगा महिनाभर रोज बोलत होता तिच्याशी. त्याचाही फोन नाही. रात्री भाजीत मीठ नव्हतं, ती गुपचूप जेवली. मला ते जास्त लागलं.

९ ऑगस्ट
माझ्या कथा छापणाऱ्या दिवाळी अंकाच्या संपादकांचा फोन. नेमका तोच बंदुकीचा गेम! त्याचा दरवर्षी नवा भाग निघतो, जगभर लोक तुटून पडतात, ते का? "एका आईच्या नजरेतून लिहा."
हो म्हणाले. ज्या खेळापायी माझी पोर नासकी ठरली तो बघू तरी. माझ्या मोबाइलवर घेतला. मु.ने नाव घालून दिलं: शैला_बेंबळी.

११ ऑगस्ट
भिंतीला जाऊन धडकते. बंदूक आभाळाकडे. कुणी दिसायच्या आत मरते. मु. दारातून बघत होती, म्हणाली, "आई, पळताना खाली काय बघतेस, काय सांडलंय का?" आठवड्यानंतर हसली.

१४ ऑगस्ट
आज कळलं. लेखासाठी नाही, माझ्यासाठी टिपून ठेवते.
मेलं की पडदा काळा होत नाही. ज्यानं मारलं त्याच्या डोळ्यांतून तेच सगळं परत दाखवतात. तो कुठल्या खिडकीआड होता, मी कशी बावळटासारखी समोरून चालले होते, त्याने कधी नेम धरला. वर त्याचं नाव. लगेच आपण पुन्हा उभे, बंदूक हातात. त्यालाच शोधून मारलं तर बदल्याचा बिल्ला मिळतो.
दुपारी मिळाला. एकटीच घरात होते. किती बरं वाटलं, लिहायला लाज वाटते. माझ्या कथांमध्ये सूड घ्यायला बाईला अख्खी हयात लागते, आणि तरी शेवटी ती माफच करते. कशाला करते?
लोक रक्तासाठी नाही खेळत. कुणी मारलं ते इथे सांगतात, म्हणून खेळतात. आमच्या बेंबळी गावात कोण सांगतं?

१६ ऑगस्ट
कोण, याचा विचार. आमच्या माडीचा आवाज फक्त कुंदाताईंच्या गच्चीवर जातो. ह्यांच्या चुलतभावाची बायको, माझी थोरली जाऊ. भिंतीला भिंत. मु.ला येता जाता "काय गं बंदुकवाले" म्हणतात. ईटच्या लोकांनी भावकीत चौकशी केली असणार, आणि भावकी म्हणजे त्याच.
त्यांच्या मुलाला, अभिजितला, दोन वर्षं मुलगी मिळत नाहीये. जळणार नाहीत?
खेळात समोर येईल त्याला आता कुं. म्हणते. मनात. नेम सुधारलाय.

२० ऑगस्ट
लेखाचं अर्धं पान. बाकीचीही कारणं आहेत, मु.ला खोदून विचारली. सगळ्यांची सुरुवात सारखी. कलेक्टरचा पोरगा असो की मेसमध्ये पोळ्या लाटणारीचा, हातात तीच बंदूक. बाप कोण, जात कोणती, कुणी विचारत नाही. नवा भाग आला तरी खेळणं तेच, शिकलेलं वाया जात नाही. आणि टोळी. "आई, मी पडले की तो इंदूरचा माझ्यासाठी धावत यायचा. खऱ्यात कोण येतं?"
मी येते. म्हणाले नाही.

२३ ऑगस्ट
आज पोळ्याचे बैल गल्लीतून गेले. कुं. ओवाळायला दारात, नवं लुगडं. "शैले, अभिचं जमतंय बघ. सोनारीकडचे पाव्हणे. पोरगी नर्स हाय." हात धरून सांगत होत्या. मी म्हणाले, वा.
घरात येऊन गॅस पेटवला आणि नुसती उभी राहिले.

२५ ऑगस्ट
सोनारीहून मुलीच्या वडिलांचा फोन. मला. "तुम्ही लिहिणाऱ्या बाई, खोटं बोलणार नाही म्हणून तुम्हालाच विचारतो. मुलगा कसा आहे?"
आपल्याकडे चौकशीत वाईट कुणी बोलत नाही. वाईट बोललं तर बोलणाऱ्याचंच नाव खराब होतं. थोडं थांबायचं आणि एक वाक्य म्हणायचं. ऐकणाऱ्याला पोचतं.
म्हणाले, "मुलगा चांगला आहे." थांबले. "घरही चांगलंच." परत थांबले. "बाकी, तुमचं तुम्ही बघा."
पलीकडे ते खाकरले. मग, "बरं बरं. समजलो." 
मी काही खोटं बोलले नाही.

२६ ऑगस्ट
झोप छान लागली.

२९ ऑगस्ट
घरोघरी गणपती बसलेत. कुं. आल्या, प्रसादाची वाटी घेऊन, तशाच ओट्यापाशी खाली बसल्या. सोनारीचे लोक ढिले पडलेत. पत्रिका पुन्हा दाखवतो म्हणतात. "कुनी मोडता घातला असंल गं शैले? कुनाचं काय वाईट केलं म्या?"
मी चहा टाकला. आलं जास्त घातलं, त्यांना आवडतं. समोर बसून त्यांचा चेहरा बघत राहिले. खेळात हे मिळत नाही. मारलेला माणूस तुमच्याच हातच्या चहासाठी थांबत नाही.
मग पदराने नाक पुसत म्हणाल्या, "मुक्ताच्या वक्ताला ईटच्या लोकांचा मला फोन आला व्हता. म्या किती चांगलं सांगितलं. म्हनलं, पोरगी लई हुशार. बंदुकीच्या गेमात पोरांना रडिवती. त्यान्ला हुकूम सोडती, ते मुकाट ऐकत्यात. असली वाघीन तुमच्या घरात येनार म्हनलं. तरी मेल्यांनी न्हाय म्हनलं."
उकळी वर आली, अर्धा चहा शेगडीवर.

३० ऑगस्ट
म्हणजे त्याच. आणि त्या नाहीतही. कौतुक केलं होतं. गच्चीवर बसून माझ्या पोरीचा आवाज ऐकायच्या, अभिमानानं.
राग जायला हवा होता. नाही गेला. उलट आता त्याला जागा नाही, घरभर फिरतोय. त्यांनी दुष्टपणा केला असता तर किती सोपं होतं. तोंडाला कुलूप लावायला काय झालं होतं, इतकंच म्हणता येतं. सकाळपासून तेवढंच म्हणतेय.
खेळायला बसले. दोनदा मेले, बंद केला.

१ सप्टेंबर
मु.ने विचारलं, "आई, सोनारीवाल्यांना तू काय सांगितलंस?" तिला कसं कळलं? माझ्या फोनमध्ये सोनारीचा फोन येऊन गेलेला दिसला म्हणाली.
सांगितलं. जसंच्या तसं, मध्ये थांबले होते तेही. कुं. काय बोलल्या तेही.
बराच वेळ भांडी लावत राहिली. मग, "गेममध्ये समोरच्याच्या हातातही बंदूक असते गं."
मी म्हणाले, तुझ्यासाठी केलं. "मला विचारलं नाहीस," म्हणाली. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

२ सप्टेंबर
लेख होत नाही. संपादकांना चार दिवस मागितले. अभिजित दारातून गेला, नेहमीसारखं "काकू" म्हणाला. दाढी वाढलीय. त्याच्याबद्दल माझ्या मनात कधीच काही नव्हतं. त्या दिवशीही नव्हतं. तो नुसता मध्ये उभा होता.

४ सप्टेंबर
सोनारीचे उद्या येतायत. पितृपंधरवडा लागायच्या आत काय ते एकदा ठरवू म्हणतात. कुंदाताईंकडे नाही, आधी आमच्याकडे. मुलीचे वडील मला समोर बसून विचारणार, तुमचं तुम्ही बघा म्हणालात, तर काय बघायचं ते सांगा.
कुंदाताईंना हे कळलं तर घाबरतील असं वाटलं होतं. दुपारी भिंतीवरून हाक मारली. "शैले, बरं झालं तुझ्याकडंच येत्यात. मला बोलायचं भान ऱ्हात न्हाय, तूच बोल. दूध म्या पाठवते, दोन लिटर. फुलपात्री काढून ठेव चांगली."
मी हो म्हणाले.
फोनवरचं माझंच बोलणं खोडायचं, तर का म्हणून तसं बोलले ते सांगावं लागेल, आणि ते गावभर होईल. मु.चंही पुन्हा निघेल. आणि पुन्हा तशीच बोलता बोलता थांबले, तर दूध पाठवणाऱ्या बाईच्या भिंतीला भिंत लावून राहायचं आहे.
ह्यांनी विचारलं, काय बोलणार? ठाऊक नाही म्हणाले.
मु. उद्या सुट्टी घेतेय. पाहुण्यांसमोर बसणार म्हणते, माझ्या शेजारी.