धुवू नये

३ जून

चि. ठकीस, अनेक आशीर्वाद.

फोनवर तू 'बरी आहे' म्हणतेस आणि ठेवून देतेस, म्हणून पत्र लिहितेय. रविवारी सुट्टीवर आलीस, करोना घरात नको म्हणून व्हरांड्यातूनच वळलीस, आणि कागदी पिशव्या खिळ्यावरच विसरलीस. प्रत्येकीत एकेक वापरलेला मास्क! ठके, लोक मोजेसुद्धा धुऊन घालतात गं. मी हातमोजे चढवले, सगळे मास्क कडकडीत पाण्यात साबणाने धुतले, जराशी नीळ दिली आणि वर इस्त्रीही फिरवली. पिशव्यांवर लाल शाईने काहीतरी लिहिलं होतं, पण चष्मा सापडेना. तुझे बाबा म्हणाले, आधी तिला विचार. त्यांना घड्याळाला किल्लीही विचारून द्यायची सवय!

अँब्युलन्सच्या ड्रायव्हरकाकांबरोबर मास्क पाठवतेय. जेवत जा. तब्येतीला जप आणि लोभ ठेव.

तुझी आई

५ जून

ती. आईस, सा. न. वि. वि.

आई, काय करून बसलीस! पिशवी उघडली आणि इस्त्रीच्या घड्या बघून कपाळावर हात मारला. अगं, ते मास्क पिशवीत मळून पडले नव्हते. चार-पाच दिवस तसेच टांगले की त्यांच्यावरचे विषाणू मरतात, मग पुन्हा वापरता येतात. नवे मिळत नाहीत म्हणून हा सगळा खटाटोप. साबण लागला की त्या कापडाची जंतू अडवायची ताकदच जाते. आता ते बाबांना चष्मा पुसायला होतील.

मेट्रननी सगळ्यांसमोर एक मास्क वर धरला आणि हा निळसर का दिसतोय म्हणून विचारलं. सगळा वॉर्ड फिदीफिदी हसला. मास्क नाही म्हणून वॉर्डही नाही. मला तळघरात, मास्क निर्जंतुक करायचं नवं यंत्र आलंय त्या खोलीत बसवलंय. माझे पेशंट माझी मैत्रीण बघतेय. एकटीच दोघींचं काम ओढतेय बिचारी.

एक विचारू? लाल शाईने ठसठशीत 'धुवू नये' लिहिलं होतं. औषधाच्या बाटलीवरची मुंगीएवढी अक्षरं तू चष्म्याशिवाय वाचतेस. मुद्दाम केलंस ना?

रागावलेय, तरी नमस्कार.

तुझी ठकी

७ जून

चि. ठकीस, आशीर्वाद.

हो, मुद्दाम केलं. झालं समाधान?

टीव्हीवर एका नर्सचा फोटो दाखवला. गेली बिचारी. तुझ्याच वयाची, गालावर तुझ्यासारखाच मास्कचा वळ. मी टीव्हीच बंद करून टाकला. रजा घे म्हटलं तर तू कसली ऐकतेस! म्हटलं, मास्कच नसला तर वॉर्डात जाईल कशी? तळघरात बसवलं हे वाचून मी चक्क हात जोडले, खोटं कशाला बोलू.

पण पुढे तुझ्या मैत्रिणीचं वाचलं आणि चरकले. तिच्या आईने मास्क धुतले नाहीत, म्हणून ती पोर दुप्पट राबतेय. तेव्हापासून तिचाच विचार डोक्यात आहे. माझ्या हातून काही होण्यासारखं असेल तर सांग. धुणं सोडून.

राग गेला असेल तर लोभ असू दे.

तुझी आई

१० जून

ती. आईस, सा. न. वि. वि.

राग कधीच गेला. इथे तळघरात गंमत आहे. प्रत्येक मास्कवर मालकाचं नाव असतं. यंत्रातल्या रसायनाची वाफ दिली की तो परत त्याच्याच तोंडावर जातो. क्रीम-तेलाचा डाग दिसला की मास्क बाद. काल मोठ्या सर्जनांचा बाद केला. ते मिशांना तेल लावतात! आज मिशा काढून आले, तर दारावरच्या वॉचमनने ओळखलंच नाही.

सोमवारी नवे मास्क येताहेत. मी वॉर्डात परत जातेय. आधीच सांगते, कांगावा नको.

काम हवंय ना? गाऊनचं गाठोडं पाठवतेय. निर्जंतुक केलेले आहेत, पण धुलाईत नाड्या तुटल्यात. शिवून दे, आम्ही परत निर्जंतुक करू. आणि आई, इस्त्री नको!

बाबांना नमस्कार. लोभ वाढू दे, नीळ नको.

तुझी ठकी

१३ जून

चि. ठकीस, अनेक आशीर्वाद.

नाड्या शिवल्या. आधी अशा घट्ट शिवल्या, की बाबांना गाऊन घातला तो सुटेचना. ऑपरेशनला निघाल्यासारखे हॉलमध्ये ताटकळले, शेवटी कात्रीने सोडवले. मी हसून हसून पडले. मग एकदम आठवलं, तू म्हणाली होतीस, जंतू लागू नयेत म्हणून घालण्यापेक्षा काढतानाच जास्त जपावं लागतं. सगळ्या नाड्या उसवल्या, पुन्हा शिवल्या. आता एका ओढीत सुटतात. एकेक गाऊन बाबांना घालून काढायला लावला. ते बोलत नाहीयेत माझ्याशी.

वॉर्डात जा, असं माझ्या तोंडून निघायचं नाही. भीती वाटते गं, फार वाटते. पण आता अडवत नाही. तुझ्या मैत्रिणीला सांग, तिच्या गाऊनची नाडीही मीच शिवलीय.

व्हरांड्यातल्या खिळ्यावर बाबांनी छत्री टांगली होती, ती काढायला लावली. पुढच्या सुट्टीला पिशव्या तिथेच टांग. मी हात लावणार नाही. नुसत्या टांगलेल्या दिसल्या की पुरे.

लोभ आहेच. तो साबणानेही जायचा नाही.

तुझी आई