लागला की हुकला

परभणी,
९ मार्च १९९२

ती. सौ. कमलअक्कास,

चांगुणाचा नमस्कार. दाजींचा खोकला थांबला का? इकडे मी मजेत आहे. खानावळीच्या वरणात आताशा डाळही सापडते.

तुझं पत्र मिळालं. तुझ्या दिरांच्या स्थळाबद्दल लिहिलंस, ते वाचलं. त्याविषयी पुढं लिहिते.

क्लास जोरात चाललाय. कॉम्प्युटर शिकवायला आम्ही दोघंच, मी आणि वाल्मीक सर. नुसत्या टायपिंगला पोरं कंटाळतात, म्हणून आम्ही एक खेळ तयार केला. पडद्यावर एक वीर आणि समोर राक्षस. बटण दाबलं की वीर वार करतो, पण तो लागेलच असं नाही. मशीन मनाशीच एक आकडा काढतं. मोठा निघाला तर ‘लागला’ उमटतं, लहान निघाला तर ‘हुकला’.

यावरून आमची लय भांडणं झाली. ते म्हणायचे, “वार हुकलाच नाही तर मजा काय?” मी म्हणायचे, “सारखा हुकला तर पोरगं उठून घरी जाईल.” शेवटी तोड निघाली: हुकला की पुढचा वार लागायची शक्यता थोडी वाढवायची. भांडताना सर सारखा चष्मा पुसतात. असो.

शनिवारी बाबा एस्टीनं आले, थेट क्लासवर. मला सोनपेठला न्यायला. तिथं तुझ्या घरी मला बघण्याचा कार्यक्रम ठरलाय, हे मला तेव्हा कळलं. “तास संपेपर्यंत बसा,” मी म्हणाले, आणि पोरांनी त्यांना खेळाच्या मशीनपुढं बसवलं!

पहिला वार हुकला. दुसराही हुकला.

“आरं, समोर ठोंब्यासारखा उभा हाय त्यो, अन् हुकतोच कसा?” बाबा तापले.

“काका, राक्षस चपळ आहे,” सर म्हणाले. “पण सोडू नका. आता लागायचा संभव वाढलाय.”

“बरं, बगू.” बाबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. राक्षसानं दोन तडाखे दिले, वीर मरायला टेकला. पोरं श्वास रोखून उभी. बाबांनी डोळे मिटले आणि बटण दाबलं. ‘लागला!’ राक्षस आडवा. बाबा असे उठले की खुर्ची मागं पडली. अक्का, आपले बाबा पोरांच्या घोळक्यात टाळ्या पिटत होते गं!

मग खाली चहाला गेलो, तिघंच. बाबांनी विचारलं, “खेळ केला कुणी?”

“आम्ही दोघांनी.”

“दोघांनी म्हंजी?”

खेळाविषयीच विचारत होते ते. पण माझ्या तोंडून निघून गेलं, “म्हणजे, पुढंही सगळं दोघांनीच करावं असं मला वाटतं, बाबा.”

यातलं एक अक्षर मी सरांशी कधी बोलले नव्हते. त्यांचा चहा बशीतून शर्टावर सांडला. बाबांनी त्यांच्याकडं पाहिलं. शर्ट पुसायचा सोडून सर चष्माच पुसत राहिले आणि म्हणाले, “माझ्याही मनात होतं, काका. बोलायची छाती झाली नाही.”

बाबांनी उरलेला चहा संपवून कप खाली ठेवला. मग त्यांनी विचारलं, “गाव कोणतं तुमचं?”

“सेलूजवळच आहे जी.”

“घरी कोण कोण हायेत?”

बाबा असं कधी विचारतात, ते तुला मी सांगायला नको.

अक्का, तुझे दीर भले आहेत, त्यांच्यात काही उणं नाही. पण माझं उत्तर नाही असं आहे. सासरी तुला ऐकून घ्यावं लागेल, या एका भीतीनं हे सांगणं शेवटापर्यंत लांबवत आले. बाबा म्हणाले, “कमलला बोल लागता कामा नये. पाव्हण्यांना मी सोता जाऊन सांगतो.” मला न घेताच ते गावी परतले; पत्रापाठोपाठ तिकडं पोचतीलच.

रागव, हक्क आहे तुझा. पण पत्रातून नको, इथं येऊन रागव. सुपारी फोडायला तू नसलीस तर मी पाटावर बसणारच नाही.

कुणाचीही झाले तरी आधी तुझीच,
चांगुणा