दोन्ही टोल्यांचं पाणी

मस्कत

बाबा, आधी पाया पडतो.

मी बरा आहे. आईले सांगा, जेवण पोटभर आहे, अन् टीव्हीवर दाखवून राहिले ते युद्ध इथून दूर आहे. विमानं अधूनमधून बंद राहतात, एवढंच. तिचा गुडघा कसा आहे?

हा देश कोणाच्याच बाजूचा नाही. काल लढणाऱ्या दोन्ही देशांची माणसं आमच्या हॉटेलात बोलणी करायले आली होती. इथल्या सरकारी साहेबानं आम्हा दोन वेटरांले दोन्हीकडचे कप एकदमच भरायले लावले. स्वतः सगळ्यांच्या शेवटी घेतली कॉफी. मले तुम्ही आठवले.

तलावाचं पाणी सोडायचं काम तुमच्याकडे असलं, की तेवढे दिवस तुम्ही ना गावाच्या वरच्या टोलीत कोणाच्या घरी चहा घ्यायचे, ना खालच्या. अन् आपल्या धानाले पाणी सगळ्यांच्या शेवटी. लहानपणी मी रागानं विचारायचो, आपलंच शेवटी काऊन? तुम्ही हसून फावडं उचलायचे अन् दुसऱ्यांच्या बांधाकडे निघायचे.

आपली डिंपल फोनवर सांगत होती, यंदा पाण्यावरून दोन्ही टोल्या तुमच्यावर चिडून आहेत. ऐकून जीवात जीव आला. एकच टोली चिडली असती, तर मले काळजी वाटली असती.

तुमचा,
हिमांशू