सुकाणूचा बसका आवाज

गोवा, १२ डिसेंबर २००८

बाबाले पाया पडून चैतरामचा नमस्कार. पिंकी, तू बाबाजवळ बसून हे पत्र वाच.

मी बरा आहो. मासे-भात दोन टाइम भेटते, मायले एवढंच सांगजा.

बाबा, मालकाच्या शिडाच्या दोन बोटी दुरुस्तीसाठी किनाऱ्यावर चढवल्या आहेत. दोन्ही चाळीस फुटी. जुनी तीस वर्षांची, जाड अन् जड, लाटेतबी हालत नाही. नवी हलकी, भरभर पळते, आत घरावाणी खोल्या, पण लाटेवर आपटते. उद्या मले एक बोट कोचीले न्यायची आहे. कोणती न्यावी, काल मालकानं विचारलं. मी जुनी म्हणून मोकळा झालो.

मंग आठवलं, वाजवून तं पाहिलीच नाही. तुमी इटियाडोहाच्या धरणात डोंगा लोटायच्या आधी बोटाच्या पेरानं वाजवून लाकूड सडलं का पाहता, तसा मी आज दोन्ही बोटींभवती फिरलो. लोकं हासले. नवी सारी सारखी वाजली. जुनीचा तळ खणखणीत, पण सुकाणू बसकं बोललं.

मालक भडकला. "काल जुनी, आज नवी! भेवला का?"

"हो, भेवलो," म्हणलो, पण सुकाणूजवळून हटलो नाही.

शेवटी मिस्त्रीनं सुकाणूले भोक पाडलं. आतून पाणी गळाले लागलं ते थांबेच ना; आतून सडलेलं ते सुकाणू भर समुद्रात तुटलं असतं. मंग कोणीच हासलं नाही.

उद्या नव्या बोटीनं जातो. माझी फिकर नोका करू.

पिंकी, तू लिहिलं होतं की बाबाले आता कमी ऐकू येते. म्हणून हे दोनदा, मोठ्यानं वाच: बाबा, आता डोंगा वाजवला तरी तुमाले कसा समजन? मी येतवरी पाण्यात नोका जाऊ.

तुमचा चैतराम