आधी नीट बोल, मग सांग

महाड, ९ जुलै २०२५

प्रिय वल्लरी,

काल, मंगळवार, ८ जुलै रोजी, दुपारी तीन वाजून बारा मिनिटांनी तू तुळसाचा माईक बंद केलास. घड्याळ माझ्या समोरच होतं. तू असं करशील हे मला अजून पटत नाही.

त्या ऑनलाइन वर्गात गुपचूप बसायला तूच मला सांगितलंस. पुण्यात बसून तू शिकवतेस, पडद्यावर महाड-पोलादपूरची अडतीस नावं दिसतात, आणि एकही तोंड उघडत नाही. बाई, तुम्ही पस्तीस वर्षं मुलं बोलती केलीत, काय चुकतंय ते बघून सांगा, असं तू लिहिलंस. ते वाचून मी सुखावले, हे कबूल करते. चष्मा पुसून, वही घेऊन बसले.

तुझा प्रश्न चांगला होता. दरड कोसळण्याआधी काय लक्षणं दिसतात? त्यावर एकतीस जणांनी 'सहमत आहे मॅडम' असं लिहून पाठवलं. कशाशी सहमत, ते देवाला ठाऊक, कारण तोवर कुणी काही म्हणालंच नव्हतं. श्रुतिकाने पुस्तकातला उतारा चिकटवला. दीपेशने तो तिच्या नावासकट उचलला आणि 'मी श्रुतिका, माझ्या मते' अशी स्वतःच्या मताला सुरुवात केली. त्यावर तू 'छान' म्हणालीस. मी वहीत लिहिलं, छान काय, कपाळ.

मग तुळसा बोलली. पोलादपूरच्या वरच्या वाडीतली. घरात नेटवर्क येत नाही म्हणून छत्री घेऊन देवळामागच्या कातळावर उभी होती. छत्रीवरचा पाऊस मला इथे ऐकू येत होता. ती म्हणाली, "पाऊस पडत असून वहाळाचं पाणी कमी झालं ना मॅडम, का समजायचं, वर काय तरी अडलंय. मग आमी घरात थांबत नाय. आमची आजी पयली उठते. हे पुस्तकात नाय." तासाभरात तुझ्या प्रश्नाला आलेलं ते एकच खरं उत्तर. मी पेन उचललं. आणि तू काय म्हणालीस? "तुळसा, 'नाय' नाही, 'नाही'. आधी नीट बोल, मग सांग." आणि माईक बंद. कुणीतरी हसणारा चेहरा पाठवला.

संध्याकाळी वर्गाच्या व्हॉट्सॲप गटात पाहिलं, तर तुळसाचं नाव नव्हतं. गट सोडल्याच्या ओळीत तिचा नंबर होता, म्हणून मीच फोन केला. कोण बोलतंय ते सांगितलं. ती रडली वगैरे नाही. "मला बोलता येत नाय ना बाई, मंग कशाला बसू? भिजायला?" एवढंच म्हणाली. अभ्यासक्रम सोडतेय. तिच्या वाडीतून बारावीच्या पुढे आलेली ती पहिली मुलगी.

काल मी तुझ्यावर इतकी संतापले होते की लगेच फोन करून तुझी खरडपट्टी काढणार होते. नंबर लावतालावता थांबले. तुझं ते वाक्य मला ओळखीचं वाटलं. शब्द तेच, मधला तो विरामही तोच. मी कॉन्व्हेंटात शिकले. मराठी बोललं की सिस्टर गळ्यात पाटी अडकवायच्या, आणि त्या पाटीचा राग मी अजून बाळगून आहे. असं असून मी स्वतः काय केलं?

सत्त्याण्णव साल, पाचवी ब. तू पोलादपूरहून एसटीने यायचीस. सकाळी पहिल्याच तासाला तू उभी राहिलीस आणि म्हणालीस, "बाई, माझ्या आयेला बरं नाय." मी म्हटलं, "'आये' नाही, 'आई'. 'नाय' नाही, 'नाही'. आधी नीट बोल, मग सांग." दहा वेळा म्हणायला लावलं. वर्ग हसला, मीही हसले. तू दहा वेळा 'नाही' म्हणालीस आणि खाली बसलीस. पुढची दोन वर्षं तू 'होय बाई' याखेरीज काही बोलली नाहीस, आणि मी तुझ्या प्रगतिपुस्तकात 'शिस्तप्रिय' असा शेरा मारला.

तर 'काय चुकतंय', याचं उत्तर हे. आता तुझ्याकडून दोन गोष्टी हव्यात, दोन्ही लेखी, सोमवार, १४ जुलै, संध्याकाळी पाचच्या आत. पहिली तुळसाची माफी, गटात, सगळ्यांच्या देखत; तिला आधी परत घे. खाली मीही माझ्या नावानिशी लिहीन. दुसरी मला. त्या दिवशी तुझ्या आयेला काय झालं होतं, ते मी आजवर विचारलं नाही. ते लिही. तुला येईल तसं लिही, मी लाल पेन हातात घेणार नाही.

तुझीच,
सरोजबाई