आबांचा राहिलेला दिवस

बुधवार, संध्याकाळ

तळहातांना फोड आलेत, पेन धड धरवत नाही. तरी लिहिणारच.

आबा, आमचे वडील, गेल्यावर वकील म्हणाले, वाटणीआधी ज्यांचं आबांकडून काही येणं असेल त्यांना कळवा. दादाने पेपरात नोटीस दिली. आमच्या इब्रामपुरात ती कोण वाचणार? म्हणून बाराव्याला जेवणाच्या पंक्तीसमोर मीच उभी राहिले आणि विचारलं. शेजारचे सखाराममामा म्हणाले, "आबाचो एक दीस माका येवचो आसा."

आमच्याकडे शेतात दिवसाला दिवस फेडतात; मामा आमच्या शेतात एक दिवस राबून गेले होते. आबांचा परतीचा दिवस तेवढा राहिला. दादा हसला, "हे कुठल्या कायद्यात बसतं?"

नसेल बसत. आज तुयेच्या फॅक्टरीत रजा टाकली आणि मामांच्या शेताचा फुटलेला बांध पुन्हा घातला. माती मीच ओढली, मीच चोपली. दुपारीच सुटता आलं असतं, पण दिवस म्हणजे पुरा दिवस. हे फोड उगीच नाहीत!

संध्याकाळी दादा मोटारसायकल घेऊन न्यायला आला. मामा बांधावरून चालत गेले, टाचेने दाबून पाहिलं. "फिटलो आबाचो दीस."

मग दादाकडे न बघता मला विचारलं, "बाय, आता तुमच्या शेतात मी कधी येवं?"