शेडमधली शांतता

२० नोव्हें., सेलू
सकाळी पुण्याहून घरी. एम.ए.ची शेवटची डॉक्युमेंटरी आईवर आहे, जिनिंगच्या शेडमध्ये कापसातला कचरा वेचणारी. चित्रण संपलंय, आवाज राहिलेत. आणि आवाज म्हणजे विशाल. त्याचं लग्न ठरल्याचं वर्गाच्या ग्रुपवर वाचलं. दोन वर्षं आम्ही बरोबर, आणि मला हे ग्रुपवर! फोन केला, तर म्हणे घरच्यांपुढे काही चाललं नाही. चालवलंस कधी, गाढवा?

२२ नोव्हें.
कॉलेजच्या मॅडमना दुसरा साउंडवाला मागितला. ऐनवेळी कुणी नाही म्हणाल्या. वि.च येणार. आईला यातलं काही माहीत नाही. ती त्याच्यासाठी शेंगदाण्याची चटणी कुटतेय. बघवत नाही.

२४ नोव्हें.
वि. आला. निर्लज्जासारखा जेवला, चटणी मागून घेतली.
दुपारी सुट्टीत मशिनी थांबल्या, बाया जेवायला बाहेर गेल्या. रिकाम्या शेडची नुसती शांतता भरून घ्यायची होती, एडिटिंगमध्ये लागते. हलायचं नाही, बोलायचं नाही. वि. आत माइकपाशी हेडफोन लावून. मी आणि आई लांब दारात. केवढं बोलायचं होतं त्याच्याशी. नेमकं तोंड बंद.
झाल्यावर आईने विचारलं, "काहीच वाजंना, ते कशाला भरून घ्यायलाव?"
वि. केबल गुंडाळायला लागला. जाताना त्याने पत्रिका आईच्या हातात दिली. माझ्याकडे बघितलंही नाही.

२५ नोव्हें.
आईने पत्रिका वाचून माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "लय रडू नको. डोळे सुजतेत." म्हणजे तिला कळलं होतं. कधीपासून, कोण जाणे. तिच्या मांडीवर पडून रडले.

२ डिसें., पुणे
मॅडमनी फिल्मचा कट पाहिला. आवडला. फक्त शेडच्या शांततेत कुणीतरी नाक ओढतंय, तेवढं परत भरून आणा म्हणाल्या. माझंच असणार, तेव्हा रडू आवरत होते. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

३ डिसें.
आज नीट ऐकलं. आवाज अगदी माइकला लागून आहे. मी तर दारात होते.
माइकपाशी फक्त वि. होता.
पुन्हा पुन्हा तेवढंच लावून ऐकतेय. उद्या त्याची हळद आहे. मॅडमचा मेसेज आला, शांतता कधी आणताय? अजून काही कळवलं नाही.